खाडीच्या मापाची होडी

मुंबईत बांधलेल्या शिडाच्या छोट्या नौकांपैकी जगात गाजली ती ‘सुहैली’. कुलाब्याला सागवानात बांधलेली ही बत्तीस फुटी नौका १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. मालक होता रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फाल्मथहून तो एकटा निघाला आणि वाटेत कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. त्याआधी हे कोणालाही जमले नव्हते. नौकेच्या फळ्या तासणारे सुतार आपल्याकडचे, त्यांची हत्यारे म्हणजे वाकस आणि कमानीने फिरवायचा सामता. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

पण कोकणच्या खाड्यांतून हिंडण्यासाठी कोणी ‘सुहैली’सारखी नौका घ्यायला निघाला, तर मी त्याला हात जोडून सांगेन, घेऊ नका. तिला तरंगायलाच साडेपाच फूट पाणी लागते. वजन नऊ-दहा टन. ओहोटीला ती आपल्या निम्म्याअधिक खाड्यांच्या तोंडाशी ताटकळत उभी राहील, आणि पावसाळ्यापूर्वी तिला वर काढायचे तर क्रेन शोधत मुंबई नाहीतर गोवा गाठावे लागेल.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मराठी वाचकाला शिडाची नौका म्हटली की महासागरी सफरीच आठवतात. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे ‘म्हादेई’तून एकटे जगाची फेरी करून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून, कुठेही न थांबता, ती फेरी पुरी केली. छप्पन्न फुटी ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेली, म्हणजे घरचीच. या दोघांमुळे आणि पुढे ‘तारिणी’वरच्या नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांमुळे शिडाच्या नौकानयनाची ओढ खूप घरांत पोहोचली. त्याचा एक उपद्रवही झाला. हौशी माणूस केप हॉर्न डोळ्यांसमोर ठेवून होडी घेतो आणि ती मांडव्याला नेतो. मग ती तिथेच मुरिंगला बांधलेली राहते, तळाला कालवे धरते, आणि दोन-तीन वर्षांत विकायला निघते.

प्रस्तुत पुस्तक वेगळ्या माणसासाठी लिहिलेले आहे. त्याला मुंबईहून गोव्यापर्यंत, घाई न करता, रोज एखादे बंदर गाठत जायचे आहे. बरोबर बायको, एखादा मित्र किंवा मोठी झालेली मुले असतील. खर्च बेताचा, सुट्टी मोजकी. अशा माणसाने कोणती होडी घ्यावी, एवढाच या पुस्तकाचा प्रश्न आहे. तो छोटा वाटतो, पण त्याला नीट उत्तर द्यायचे तर भूगोल, हवामान, नौकाबांधणीचा इतिहास आणि कोळीवाड्यातले व्यवहारज्ञान सगळेच मांडीवर घ्यावे लागते. ते न करता दिलेली उत्तरे बाजारात पुष्कळ आहेत, आणि बहुतेक थंड पाण्याच्या देशांतून आलेली आहेत.

किनाऱ्यापासूनच सुरुवात करू. आपला किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण धावतो आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. त्यामुळे नकाशाच्या कडेला बोट ठेवून खाली सरकत गेले तरी अंतरे कळतात. मुंबई बंदराच्या तोंडापासून रेवदंडा पंचवीसेक मैल, मुरूड-जंजिरा चाळीसच्या आसपास. तिथून हर्णै तीसेक मैल. हर्णैपासून दाभोळ पंधरा, दाभोळपासून जयगड सतरा-अठरा, तिथून रत्नागिरी तेवढीच. रत्नागिरी ते विजयदुर्ग सत्तावीस-अठ्ठावीस. विजयदुर्गहून देवगड दहा, देवगडहून मालवण वीस, पुढे वेंगुर्ले बारा-तेरा आणि वेंगुर्ल्याहून आग्वादचे टोक तेवीस-चोवीस. मधली बाणकोट, पूर्णगड, आचरा यांसारखी ठिकाणे यात धरलेलीही नाहीत. जगात फार थोडे किनारे असे असतील की जिथे सकाळी नांगर उचलावा आणि दिवस मावळायच्या आत हमखास पुढचा निवारा मिळावा.

आता याच्याशी होडीच्या वेगाचे गणित ताडून पाहा. साध्या बांधणीच्या होडीचा कमाल वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे, की नॉटमधला वेग मिळतो. सोळा फुटांना साधारण साडेपाच नॉट, पंचवीस फुटांना पावणेसात. म्हणजे नऊ फूट लांबी आणि कितीतरी पट पैसा जास्त घालून हाती लागतो तो सव्वा नॉट. दिवसाला वीस मैल जायचे असेल तर त्यातून तुम्ही पाऊण तास लवकर पोहोचाल, आणि पोहोचल्यावर सावली शोधत बसाल. लांबीचा मोह महासागरात परवडतो. इथे त्याची गरजच नाही.

मग गरज कशाची? पहिली गरज कमी पाण्यात जाता येण्याची. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. दक्षिणेला तो कमी होत जातो आणि गोव्यात दोन मीटरच्या आसपास उरतो. उत्तर कोकणातल्या खाड्यांत ओहोटीला चिखलाचे माळ उघडे पडतात. दक्षिणेकडे चिखल कमी होऊन पुळण आणि खडप वाढते. मालवणात तर बंदरात शिरायची वाटच खडकांमधून आहे. शिवाय बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा आडवा बांध असतो. दुपारचा वायव्य वारा आणि बाहेर पडणारी ओहोटी तिथे समोरासमोर आली, की अर्ध्या मीटरची लाट उभी राहून फुटते. शहाणा तांडेल तिथे भरतीच्या उत्तरार्धातच शिरतो. ज्या होडीला दोन फूट पाणी पुरते तिला यासाठी दिवसाचे कितीतरी तास मोकळे मिळतात. चार-साडेचार फूट लागणाऱ्या होडीला भरतीचे वेळापत्रक पाहून जेवणखाण ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि इथे बहुतेक हौशी लोक फसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबईहून गोव्याला जाताना दुपारचा वारा वायव्येकडून येतो, म्हणजे पाठीवर नाहीतर तिरका मागून. दहा-पंधरा नॉटचा तो खारा वारा कोणत्याही होडीला झुलवत घेऊन जातो. जाताना सगळ्याच होड्या गुणी वाटतात. खरी परीक्षा परतीची. तोच वारा आता तोंडावर असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याचा जोर आणखी वाढतो. उथळ, बसकी, कील म्हणजे बुडाखालचा कणा नसलेली होडी वाऱ्याच्या दिशेने वर चढतच नाही, नागमोडी वळसे घेत दिवसभर त्याच डोंगरासमोर राहते. मग इंजिन चालू होते आणि शिडाची होडी नावापुरती उरते.

जुने गलबतवाले यावर काय करत, ते या पुस्तकात एका ठिकाणी फार बारकाईने आले आहे. वाचकाने ती पाने घाईने उलटू नयेत. पहाटे चार-पाचच्या सुमारास जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. थंडीत तो चांगला अंगाला झोंबतो. नांगर त्याच वेळी उचलायचा, किनारा उजव्या हाताला मैल-दीड मैलावर ठेवायचा आणि आडव्या वाऱ्यावर सरळ उत्तरेला निघायचे. किनारा जवळ असल्याने लाट उठत नाही. नऊ-दहा वाजता वारा मरतो, शीड लोंबकळते, उकडायला लागते. तास-दोन तास असेच जातात. मग पश्चिमेकडे पाण्याचा रंग गडद होत येतो आणि खारा वारा भरतो. तोवर पंधरा-अठरा मैल पदरात पडलेले असतात आणि पुढची खाडी समोर दिसत असते. होडी निवडताना हा दिनक्रम लक्षात ठेवला, तर हलक्या वाऱ्यात चालणारी, पटकन नांगर उचलता येणारी, वल्ह्यालाही दाद देणारी होडी हवी हे आपोआप ठरते. वादळात तग धरणारा दहा टनी किल्ला हवा, असे त्यातून निघत नाही.

जगात या विषयाचे विचार कसे घडत गेले, तेही पाहायला हवे. छोट्या होडीतून, पगारी खलाशांशिवाय, मौजेखातर किनारा हिंडायची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रुजली. जॉन मॅकग्रेगर १८६७ मध्ये एकवीस फुटी ‘रॉब रॉय’मधून एकटाच इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला गेला आणि त्यावर त्याने पुस्तक लिहिले. पुढे जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात सदतीस फुटांच्या जुन्या ‘स्प्रे’मधून एकटा जगाला फेरी घालून आला. तेव्हापासून छोट्या नौकांच्या साहित्यावर महासागराची जी छाया पडली, ती अजून हटलेली नाही.

त्या छायेतला पहिला संप्रदाय जड, खोल, पूर्ण लांबीच्या कीलचा. मूळ नॉर्वेतल्या कॉलिन आर्चरच्या बचावनौकांत. त्यांच्यावरून १९२० च्या दशकात अमेरिकन आरेखक विल्यम ॲटकिन यांनी ‘एरिक’ आखली, आणि ‘एरिक’वरून आपली ‘सुहैली’. लिन आणि लॅरी पार्डी यांनी चोवीस फुटी, इंजिन नसलेल्या ‘सेराफिन’मधून जग पाहिले. तिचे आरेखक लाइल हेस यांची ‘फाल्मथ कटर २२’ आजही लोकांना वेड लावते. देखणी आहे खरी. पण बावीस फुटांत तीन टनांहून जास्त वजन आणि साडेतीन फूट खोली.

दुसरा संप्रदाय याच्या अगदी उलट टोकाचा, आणि त्याचा जन्म उष्ण पाण्यातच झाला. फ्लोरिडातल्या बिस्केन उपसागरात तेव्हा ना रस्ते होते, ना धक्के. पाणी मात्र गुडघाभर. तिथे कोकोनट ग्रोव्ह वसवणाऱ्यांपैकी राल्फ मन्रो याने १८८५ मध्ये ‘प्रेस्टो’ आणि १८८६ मध्ये अठ्ठावीस फुटी ‘एग्रेट’ बांधून घेतली. सपाट बुडाची ‘एग्रेट’ जेमतेम फूटभर पाण्यात तरंगायची, आणि मधली फळी खाली सोडली की वाऱ्यावरही चढायची. लाटांतून किनाऱ्याला लावता येणारी समुद्री होडी असा तिचा लौकिक होता. माझ्या मते कोकणच्या माणसाने अभ्यासावा असा परदेशी आरेखक एकच असेल तर तो मन्रो. आपल्याकडे त्याचे नाव क्वचितच कोणी घेते.

इंग्लंडातही पूर्व किनाऱ्यावरच्या चिखलाने माणसांना वळण लावले. ‘यॉटिंग मंथली’चे संपादकपद चार दशके सांभाळणारे मॉरिस ग्रिफिथ्स उथळ पाण्याचेच उपासक. पुढे तिथे दोन कीलांच्या होड्या लोकप्रिय झाल्या. ओहोटीला पाणी गेले की त्या दोन पायांवर सरळ उभ्या राहतात. १९६९ मध्ये आलेली सव्वीस फुटी ‘वेस्टर्ली सेंटॉर’ दोन हजारांहून अधिक विकली गेली. तीन फूट पाणी, कोरडे पडायची धास्ती नाही. मुंबई ते हर्णै या चिखलाच्या पट्ट्यात हा विचार चपखल बसतो. पुढे खडकाळ भागात मात्र ती दुसरी कील कशावर टेकेल, याचा भरवसा नाही.

मग प्लॅस्टिक आले. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘पिअर्सन ट्रायटन’ मांडली गेली आणि फायबरग्लासच्या नौका कारखान्यातून निघू लागल्या. १९७० च्या सुमाराची ‘कॅटालिना २२’ पंधरा हजारांवर बनली. ट्रेलरवर टाकून गाडीमागे ओढता येणारी होडी ही त्या काळाची खरी देणगी. याच सुमारास, १९६८ मध्ये, जॉन वॉटकिन्सन यांची ‘ड्रॅस्कोम लगर’ लंडनच्या प्रदर्शनात आली. पावणेएकोणीस फूट लांब, वर छप्पर नाही, दोन डोलकाठ्यांवर तीन छोटी शिडे, फळी वर घेतली की दहा इंच पाणी पुरे, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. वेब चाइल्स तसल्याच होडीतून १९७८ पासून पुढे जगाचा मोठा टापू पार करून गेला. त्याचे अनुकरण करा असे मी म्हणणार नाही. ती होडी कुठवर टिकते, एवढे मात्र त्यावरून कळते.

शेवटचा संप्रदाय दोन बुडांचा. जेम्स व्हॅरम यांनी पॉलिनेशियन नौकांवरून स्फूर्ती घेऊन १९५५ मध्ये साडेतेवीस फुटी कॅटामरानमधून अटलांटिक गाठला, तेव्हा बहुतेकांनी त्यांना वेड्यात काढले होते. त्यांची ‘टिकी २१’ घरी प्लायवुडमध्ये बांधता येते. तिचे आडवे वासे बोल्टांनी नव्हे, दोरांनी बांधलेले असतात आणि लाटेवर थोडे हलू दिलेले असतात. सव्वा फूट पाणी तिला पुरते. काथ्याने शिवलेल्या नौका ज्या किनाऱ्यावर शतकानुशतके चालल्या, तिथल्या माणसाला या बांधणीचे नवल वाटू नये.

या साऱ्यांत आपले स्वतःचे काही होते की नाही? होते, आणि भरपूर होते. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातली गुराबे आणि गलबते यांचे वर्णन अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. लांबीच्या मानाने रुंद आणि फार थोडे पाणी लागणारी, हे त्यांचे वैशिष्ट्य त्याने आवर्जून नोंदवले. खोल बुडाच्या युरोपीय जहाजांना ही गलबते हुलकावणी देत ती खाड्यांत शिरूनच. तोच तर्क फत्तेमारीत होता आणि मालवणकडच्या उलांडीच्या होडीतही. इंजिने आली, शिडे उतरली आणि दोन पिढ्यांत हे हातातले ज्ञान विरत गेले. आज कोळीवाड्यात मतलई वाऱ्याचे नेमके वर्तन सांगणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो ऐंशीच्या घरातला असतो. म्हणूनच हे पुस्तक आत्ता यावे लागले. दहा वर्षांनी विचारायला कोणी उरले नसते.

हल्ली दुसऱ्याही काही गोष्टी जुळून आल्या आहेत. वाऱ्याचा चार दिवसांचा अंदाज फोनवर मिळतो. इपॉक्सी आणि चांगले प्लायवुड मिळू लागले आहे. फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत आहेत, कारण मच्छीमारांच्या होड्याही आता फायबरच्याच होतात. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि पुष्कळ मुंबईकरांना पहिल्यांदाच कळले की कोकणाला समुद्रावरूनही वाट आहे. दुसरीकडे २००८ नंतर किनाऱ्यावरचा पहारा कडक झाला. नोंदणीची कागदपत्रे जवळ ठेवणे, बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना आधी कळवणे हे आता नांगर-दोराइतकेच आवश्यक सामान आहे. त्याची कटकट वाटून घेऊ नये.

उष्णतेबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण परदेशी पुस्तके इथेच सगळ्यात जास्त दिशाभूल करतात. थंड देशात केबिन म्हणजे ऊब. आपल्याकडे दुपारी दोनला बंद केबिन म्हणजे भट्टी. वीस फुटी होडीत माणूस ताठ उभा राहील एवढी केबिन करायची तर भिंती इतक्या उंच होतात की होडी वाऱ्यावर पतंगासारखी भरकटते, आणि एवढे करून आत कोणी बसतच नाही. इथे आयुष्य बाहेर जाते. म्हणून कॉकपिट केबिनपेक्षा मोठे हवे, पाय पसरून झोपता येईल एवढे. डेक पांढरे किंवा फिकट हवे, गडद रंगावर एप्रिलमध्ये पाय ठेवून बघा. कनात शीड खाली न घेताही लावता आली पाहिजे. नांगरावर असताना पुढून वारा आत घेणारी खिडकी हवी आणि तिला मच्छरदाणी हवीच. खाडीतल्या संध्याकाळी ज्यांनी काढल्या आहेत, त्यांना याचे कारण सांगायला नको.

पाणी थंडीतही पंचवीस अंशांच्या आसपास असते. बुडाखाली जीव धरायला त्याला फार दिवस लागत नाहीत. उघड्या लाकडात कीड शिरते, मधल्या फळीच्या खाचेत शिंपल्या बसून फळी ऐन वेळी अडकते. जुने लोक बुडाला चुना-तेल फासत आणि दर काही आठवड्यांनी होडी वर ओढत. रंग आता नवे आहेत, पण वर ओढण्याला पर्याय सापडलेला नाही.

आणि जाळी! मुंबईपासून हर्णैपर्यंत समुद्रात डोल जाळ्यांचे खुंट आणि दोर आहेत. रात्री त्यांवर दिवा असेलच असे नाही. पातळ उभ्या पात्यासारखी कील आणि तिच्यामागे एकटे लोंबणारे सुकाणू असलेली शर्यतीची होडी त्यांत हमखास अडकते. सुकाणू कीलला लागून असलेली लांब, उथळ कीलची होडी दोरावरून घसरून जाते. फळी वर घेता येणारी तर त्याहून सहज सुटते. जाळे कापून सुटका करून घेणाऱ्या हौशी मंडळींबद्दल लेखकांनी चांगले खडे शब्द वापरले आहेत. एका कुटुंबाची महिन्याची कमाई त्या जाळ्यात असते.

होडीच्या निवडीवर शेवटचा शिक्का पावसाळा मारतो. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, नारळी पौर्णिमेला समुद्र पुन्हा मोकळा होतो. मधले दिवस होडी कुठे असणार, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारला पाहिजे, नंतर नाही. कोळी बांधव होड्या पुळणीवर ओढून झापांनी झाकतात. वीस-बावीस माणसांच्या हातांनी किंवा एका ट्रॅक्टरने जी होडी वर येते, तिला कोकणात कुठेही घर आहे. तीन टनांच्या होडीला क्रेन लागते, आणि क्रेनसाठी धक्का लागतो. माझा कौल विचाराल तर अठरा ते बावीस फूट, वजन हजार किलोंच्या आत, फळी वर घेतल्यावर दोन फुटांपेक्षा कमी पाणी, एकट्याला आवरतील अशी छोटी शिडे आणि मागे एक लहानसे आऊटबोर्ड. याहून मोठे काही हवे असणाऱ्याने आधी स्वतःला कारण विचारावे.

लेखकांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे, आणि तो त्यांनी मोठ्या मनाने प्रस्तावनेत राहू दिला. ते दोन बुडांच्या होडीचे कट्टर समर्थक आहेत. तिच्या डेकवर मिळणारी ऐसपैस सावली, कलंडत न जाणे, चिखलात सरळ बसणे हे सगळे मला मान्य. पण आपली माणसे सामान घेताना हात आखडता घेत नाहीत. दोन बुडांच्या हलक्या होडीत पाण्याचे चार कॅन, स्टोव्ह, तांदूळ, नारळ आणि पाहुणे भरले की तिचा सगळा गुण बुडतो. बसकी, रुंद, एक बुडाची होडी हा अत्याचार जास्त निमूट सोसते. शिवाय बारा फूट रुंदीच्या होडीला गर्दीच्या कोळी बंदरात जागा मागणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. लेखकांचे उत्तर पुस्तकात आहेच, वाचकांनी दोन्ही बाजू पाहून ठरवावे.

पुस्तकाने स्वतःला कुठे आवर घातला आहे, तेही सांगायला हवे. शीड कसे चालवावे हे यात नाही. ते पुस्तकातून येतही नाही, कोणत्या तरी क्लबात किंवा जाणत्या माणसाच्या होडीत बसूनच शिकावे. किमतींची कोष्टके नाहीत, कारण ती छापून होईपर्यंत शिळी होतात. कोणत्याही एका नमुन्याची शिफारस नाही, हे मला विशेष आवडले. त्याऐवजी होडी पाहायला गेल्यावर काय पाहावे, कुठे हात घालून पाहावा, कुठे ठोकून आवाज ऐकावा, विकणाऱ्याला कोणते प्रश्न विचारावेत आणि उत्तरे देताना तो कुठे पाहतो याकडे कसे लक्ष ठेवावे, हे लेखक शिकवत जातात. त्यांनी जागोजागी तांडेलांची मते दिली आहेत आणि ती स्वतःच्या मतांविरुद्ध असली तरी दिली आहेत. मराठीत समुद्रावर लिहिणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या माणसांना असे बरोबरीने बोलू दिल्याची उदाहरणे फार नाहीत.

वाचकांना एक विनंती आहे. हे पुस्तक वाचून झाले की लगेच जाहिराती चाळू नका. ज्या खाडीत होडी ठेवायचा विचार आहे, तिथे अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी जा. मुंबईकडे उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते, म्हणजे ओहोटी सकाळी किंवा संध्याकाळी सहा-सातला लागेल. त्या वेळी एखाद्या कोळी दादाला विचारून त्याच्या होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत जा, सोबत फुटांच्या खुणा केलेली एक लांब काठी ठेवा, आणि सगळ्यात उथळ जागी किती पाणी आहे ते मोजून लिहून आणा. आलेल्या आकड्यातून फूटभर वजा करा, आणि त्याहून खोल बुडाची होडी बघायलासुद्धा जाऊ नका.